नापास चिरा

दिवसभर मी चिरे मोजतो.
आडिवऱ्याच्या सड्यावर, खाणीच्या काठाशी, पत्र्याच्या खोलीत:
ट्रक किती, नग किती, फुटले किती.
संध्याकाळी घरी येतो आणि नखांतली तांबडी भुकटी
न धुताच गच्चीवर चढतो.

तिथे माझी दुसरी वही.
तिच्यात वटवाघळाच्या तोंडाचं एक काळं फूल आहे,
मिशा हातभर, केरळातून पार्सलने आलेलं,
वाटेत दोन पानं गमावून.
निळसर हिरव्या नख्यांच्या फुलांची म्हणून घेतलेली एक वेल आहे,
सहा वर्षं नुसती पानं देते, पाण्याच्या पाइपवर चढते.
आणि मैमुनाखालांनी दिलेलं मस्कतचं रोप,
त्यांच्या मुलाने पायमोज्यात गुंडाळून विमानातून आणलेलं:
पोट सुटलेलं खोड
आणि वर, न शोभणारी, लाजरी गुलाबी फुलं.

मैमुनाखाला जैतापूरच्या. आमचा व्यवहार रोखीचा नाही.
मी फांदी देतो, त्या कंद देतात,
आणि फसलो आपणच, असं दोघंही घरी सांगतो.

आषाढात खाण बंद असते.
तुकडा नंबर सातची हद्द मोजायला गेलो होतो,
टेप एकट्यानेच धरून, दुसऱ्या टोकाला दगड ठेवून.
अकरा वर्षं मी तिथे डबा खाल्ला आहे.
उन्हाळ्यात तिथे काही नसतं. कातळ, आणि कातळावर ऊन.
त्या दिवशी बोटभर मातीत
पांढऱ्या फुलांच्या काड्या उभ्या होत्या,
शंभर असतील, दोनशे असतील,
मोजणाऱ्या माणसाला मोजता आल्या नाहीत.
दीपकाडी. नाव पुस्तकात वाचलं होतं,
दुर्मिळ, असंही वाचलं होतं,
आणि पार्सलची वाट बघत बसलो होतो.

रजिस्टरात तुकडा सातपुढे एक शब्द होता: पडीक.
अक्षर माझंच.

डब्यातल्या चमच्याने चौदा कंद काढले.
घरी त्यांना पानकुजीचं खत दिलं, नारळाचा भुसा दिला,
राख, शेणपाणी, दुपारची सावली.
गणपतीपर्यंत तेरा सडले.
मैमुनाखालांनी एक उचलून बोटांत दाबला,
वास घेतला आणि म्हणाल्या,
“जानबा, खाऊ घालून मारलंस रे याला.”

चौदावा मी रागाने फेकला होता.
टाकीखाली टेकू म्हणून ठेवलेला एक चिरा आहे,
भोकं पडलेला, खाणीवरून नापास होऊन आलेला.
कंद त्याच्या खळग्यात पडला असावा.
मी बघितलं नाही. दिवाळीनंतर मशीन आलं.
तुकडा सात: अठ्ठावीस हजार चारशे नग.
आता तिथे तीस फूट खोल पाणी आहे, पोरं पोहतात.

चार पावसाळे गेले.
काल टाकीचा नळ गळतोय का बघायला वाकलो
तर नापास चिऱ्यातून एक काडी वर आलेली,
वर तीन फुलं, चौथं मिटलेलं.
कोणी पाणी घातलं नव्हतं.
घातलं असतं तर तेही गेलं असतं, हे मला आता कळतं
आणि कळून फारसा उपयोग नाही.

मैमुनाखाला आल्या, गुडघा धरत जिना चढून.
खुर्चीवर न बसता लादीवरच बसल्या.
पहिल्यांदाच त्यांनी कंद मागितला नाही.
जाताना एवढंच: “बी धरलं तर कुठे टाकणारेस?”

तुकडा आठची मोजणी पुढच्या आठवड्यात.
हद्द, क्षेत्र, खोली, सगळे रकाने भरलेत.
शेऱ्याच्या रकान्यात त्या जुन्या शब्दाचं
पहिलं अक्षर लिहिलं होतं, ते मी खोडलं.
खोडलेलं दिसतंय.
मालक विचारतील.
उत्तर अजून जुळवलेलं नाही.